ओट्यामागची भिंत : स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात उपकरणांची निवड

स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत आधी फरशी आणि टाइल्स पसंत केल्या जातात, मग सुताराशी ट्रॉल्यांचे बोलणे होते, आणि शेगडी, चिमणी, फ्रिज, भांडी धुण्याचे यंत्र यांची खरेदी अगदी शेवटी, पुष्कळदा सणासुदीच्या सवलतीची वाट पाहून केली जाते. हा क्रम मुळातच उलटा आहे, कारण दुकानात दिसणारे प्रत्येक उपकरण भिंतीमागच्या चार गोष्टींवर चालते : विजेची तार, गॅसची नळी, पाण्याची ये-जा आणि हवेचा मार्ग. टाइल एकदा बसली की यांपैकी कोणतीही गोष्ट बदलणे म्हणजे झालेले काम फोडणे होय. म्हणून उपकरणे निवडण्याची खरी वेळ गवंडी घरात येण्याच्या आधीची असते. खरेदी नंतर केली तरी चालते, पण कोणते उपकरण, कोणत्या मापाचे आणि कोठे, हे कागदावर तोवर ठरलेले असावे लागते.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत ही अडचण अधिक जाणवते, आणि तिला इतिहास आहे. चूल व पाटा-वरवंटा यांच्याभोवती बसून होणारा स्वयंपाक उभ्याच्या ओट्यावर आला तेव्हा त्या ओट्याला एक शेगडी, एक नळ आणि एक दिवा एवढेच हवे होते. गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा फ्रिज १९५८ मध्ये आणला, आणि १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथूर यांनी भारतीय वाटणाला पेलेल असा ‘सुमीत’ मिक्सर मुंबईत घडवला. त्यानंतर एकेक उपकरण येत गेले, पण ते आधीच्या तारांवर आणि आधीच्या ओट्यावर मिळेल त्या जागी बसवले गेले. नूतनीकरणाच्या निमित्ताने ही सगळी उपकरणे एकाच वेळी विचारात घेता येतात, आणि अशी संधी एका घराला वीस-पंचवीस वर्षांतून एकदाच मिळते.

विजेपासून सुरुवात करणे इष्ट, कारण चुकीची किंमत येथे सर्वांत जास्त असते. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने येते, आणि उपकरणावर लिहिलेल्या वॅटना या आकड्याने भागले की ते किती अँपिअर प्रवाह ओढते ते कळते. २००० वॅटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर घेते. साधा लहान प्लग पॉइंट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे त्याची मर्यादा सुमारे १४०० वॅटवर संपते. म्हणून इंडक्शन, ओव्हन, पाणी उकळण्याची किटली आणि भांडी धुण्याचे यंत्र यांना १६ अँपिअरचा, बोलीभाषेत ‘पॉवर पॉइंट’ म्हणतात तो, स्वतंत्र हवा; आणि त्यामागची तांब्याची तार किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची असावी. मोठ्या पिनचा सॉकेट लावून मागे जुनी बारीक तार तशीच ठेवणे हा या कामातला सर्वांत घातक प्रकार आहे, कारण सॉकेट प्लग स्वीकारतो, उपकरण चालते, आणि तापते ती भिंतीच्या आतली, कोणाला न दिसणारी तार.

स्वयंपाकघराच्या सर्व उपकरणांचे वॅट मिळवून पाहिले की बेरीज सहज सात-आठ किलोवॅटच्या घरात जाते. ती सर्व एकाच वेळी चालत नाहीत हे खरे. पण सकाळी साडेसातला न्हाणीतला गीझर, ओट्यावरचे इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालणे ही अपवादाची गोष्ट नाही. त्यामुळे वीजबिलावर छापलेला ‘मंजूर भार’, म्हणजे वीज कंपनीने त्या घरासाठी मान्य केलेली किलोवॅटमधील मर्यादा, आधी पाहावी आणि लागल्यास ती वाढवून घेण्याचा अर्ज काम सुरू होण्यापूर्वीच करावा. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक, म्हणजे ‘आरसीसीबी’, असणे हे स्वयंपाकघराच्या दृष्टीने चैनीचे नाही. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या माणसाच्या शरीरातून जमिनीकडे प्रवाह वाहू लागला तर आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक ओळखून हे साधन सेकंदाच्या अंशात वीज तोडते. साधा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की तुटणारा स्विच, हे करू शकत नाही; तो तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही.

यानंतरचा प्रश्न ज्योतीचा, आणि तो मराठी स्वयंपाकाशी थेट जोडलेला असल्यामुळे सविस्तर विचार मागतो. इंडक्शन शेगडीत काचेखाली तांब्याचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि त्या क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच विद्युत भोवरे उत्पन्न होऊन भांडे स्वतः तापते. काच तापते ती भांड्यामुळे. ऊर्जेचा मोठा भाग, साधारण ८५ टक्क्यांच्या आसपास, भांड्यात पोहोचतो. एलपीजीच्या शेगडीसाठी भारतीय मानकाने किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता ठरवली आहे, पण ती प्रयोगशाळेतील ठराविक भांड्यांवर मोजलेली असते. लहान पातेल्याच्या कडेने ज्योत बाहेर आली की प्रत्यक्षातला आकडा खाली येतो, आणि उरलेली उष्णता स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर येते. मे महिन्यात विदर्भातल्या स्वयंपाकघरात दोन तास उभे राहणाऱ्या व्यक्तीसाठी हा फरक बिलापेक्षा मोठा आहे.

तरीही मराठी घराने ज्योत पूर्णपणे काढून टाकावी का, याचे उत्तर बहुधा नकारार्थी येते. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते; भाकरी फुगते ती तव्यावर टाकल्यावर वरून फिरवलेल्या पाण्यामुळे पापुद्रा ओलसर राहून आतल्या वाफेने तो सुटतो म्हणून, आणि शेवटचा फुगवटा येण्यासाठी ती थेट जाळावर धरली जाते. तव्यावरच फडक्याने दाबत भाकरी फुगवणारे हातही आहेत, पण ते कौशल्य वेगळे आणि चवही थोडी वेगळी. भरताचे वांगे तर ज्योतीशिवाय होत नाही, कारण त्याची चव सालीच्या जळण्यातून येते. शिवाय इंडक्शनला भांडे लोहचुंबकाला चिकटणारे हवे. बिडाचा तवा आणि लोखंडी कढई, म्हणजे आजीच्या काळातील भांडी, त्यावर चालतात, मात्र कढईचे बूड गोल असेल तर ती काचेवर नीट टेकत नाही आणि बीड एकदम जोरात तापवले तर तडकू शकते. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम, म्हणजे बहुतेक जुनी पातेली आणि कित्येक घरांतला कुकर, चालत नाहीत. फोडणीची लहान कढलीही अडते, कारण साधारण दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड असलेले भांडे पुष्कळ शेगड्यांना ओळखूच येत नाही. खरेदीला जाण्यापूर्वी फ्रिजवर लावायचे साधे चुंबक हातात घेऊन मांडणीवरचे प्रत्येक भांडे तपासले तर घराला इंडक्शन कितपत मानवेल हे पाच मिनिटांत समजते.

खर्चाचा हिशेबही घरागणिक वेगळा येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास). त्यातील ६० टक्के भांड्यात पोहोचते असे धरले तर तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करण्यास सुमारे १२५ ते १३० युनिट लागतात. आता महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात : पहिले १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. महिन्याला एक सिलिंडर संपवणारे आणि आधीच २०० युनिट वापरणारे कुटुंब पूर्णपणे इंडक्शनवर गेले तर त्याचा वापर ३०० ची रेघ ओलांडतो. म्हणजे नवे युनिट सरासरी दराने नव्हे, तर घराच्या वरच्या, महाग टप्प्यांच्या दराने मोजावे लागतात. छतावर सौर पटले असलेल्या बंगल्याचे गणित याच्या नेमके उलट असते. यामुळे बहुतेक घरांसाठी दोन किंवा तीन बर्नरची गॅस शेगडी आणि तिच्या शेजारी एक इंडक्शन, दूध, चहा, वरण-भात आणि पाणी यांसाठी, ही जोडी सर्वांत शहाणपणाची ठरते. पावसाळ्यात दिवसभर वीज जाणाऱ्या कोकणातल्या गावी तर ती अपरिहार्यच आहे.

गॅसबाबत एक भौतिक सत्य ओट्याच्या रचनेत उतरले पाहिजे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत साचतो. नळाने येणारा पीएनजी हा मुख्यतः मिथेन वायू असल्याने हवेपेक्षा हलका. तो वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडर ठेवण्याच्या कपाटाच्या दाराला तळाशी जाळी हवी, तर पीएनजीच्या घरात खिडकीचा किंवा झडपेचा वरचा भाग उघडा राहील अशी सोय हवी. सुतार देखणेपणासाठी दोन्ही बंद करतो, आणि त्याला आधी सांगितले नाही तर दोष त्याचा नव्हे. एका वायूची शेगडी दुसऱ्यावर तशीच लावता येत नाही, कारण पीएनजीच्या प्रत्येक घनमीटरमध्ये ऊर्जा कमी असल्याने त्याच्या जेटचे छिद्र मोठे असावे लागते. नवी शेगडी घेताना ज्योत-रक्षक झडप असलेली निवडण्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य आहे : दूध उतू जाऊन ज्योत विझली की तिच्याजवळची धातूची सळई थंड पडते आणि गॅस आपोआप बंद होतो. वयस्कर माणसे एकटी स्वयंपाक करतात अशा घरात ही झडप असावीच.

चिमणीबाबत जाहिराती सर्वाधिक आकडे सांगतात आणि सर्वाधिक दिशाभूलही तेथेच होते. चिमणीची शोषणक्षमता तासाला किती घनमीटर हवा ओढली जाते या मापात सांगतात. ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच खोलीत सुमारे २२ घनमीटर हवा असते; ती तासाला दहा वेळा बदलायची तर २२० घनमीटर पुरेत. फोडणीचा ठसका खोलीभर पसरण्यापूर्वीच ओढून घ्यायचा असल्यामुळे प्रत्यक्षात याहून बरेच जास्त लागते हे मान्य केले, तरी १२०० किंवा १५०० हा आकडा नळीविना, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. सहा इंच व्यासाच्या नळीतून तासाला १२०० घनमीटर हवा न्यायची तर तिचा वेग सेकंदाला जवळपास १९ मीटर, म्हणजे ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास असावा लागेल. हा वादळी वाऱ्याचा वेग आहे, आणि घरातली मोटर नळीच्या दोन वळणांतून तो गाठू शकत नाही. मिळतो तो आवाज. जागा वाचवण्यासाठी चार इंची नळी टाकली तर तिचे छेदक्षेत्र सहा इंचीच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि महागड्या चिमणीचे पैसे तेथेच वाया जातात.

त्यामुळे चिमणी निवडताना शोषणाच्या आकड्याच्या आधी नळीचा मार्ग पाहावा : तो सरळ, आखूड, सहा इंची आणि एखाद्याच वळणाचा असेल अशी भिंत शेगडीसाठी निवडावी. म्हणजे शेगडीची जागा चिमणी ठरवते, आणि ओट्याची आखणी शेगडी ठरवते. चिमणीची रुंदी शेगडीइतकी किंवा जास्त आणि ओट्यापासूनची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर असावी. कमी असेल तर डोक्याला लागते आणि जास्त असेल तर धूर बाजूने निसटतो. नळीविना चालणाऱ्या, कोळशाच्या गाळणीतून हवा परत खोलीतच सोडणाऱ्या चिमण्या वास कमी करतात, पण वाफ आणि उष्णता घरातच ठेवतात. जेथे भिंतीला छिद्र पाडणे शक्यच नाही तेथेच त्या घ्याव्यात.

बाहेर जाणाऱ्या हवेची जागा घेण्यासाठी तेवढीच हवा आत येणे आवश्यक असते. वातानुकूलित घरात सर्व दारे-खिडक्या बंद करून चिमणी लावली तर ती गुदमरते, आणि न्हाणीत गॅस गीझर असेल तर परिस्थिती जिवावर बेतू शकते, कारण चिमणी घरातला दाब कमी करते आणि गीझरचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. गॅस गीझर असलेल्या घरात नूतनीकरणाच्या वेळीच तो घराबाहेरच्या मोकळ्या जागेत हलवणे किंवा विजेच्या गीझरने बदलणे, हे चिमणीच्या निवडीचाच भाग समजले पाहिजे.

ओट्याच्या उंचीचा प्रश्न उपकरणांच्या चर्चेत सहसा येत नाही, पण तो येथेच सुटतो. उभ्याने काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा ओटा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असला की खांदे आणि पाठ दुखत नाहीत. १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी ही उंची ८० ते ८५ सेंटिमीटर येते. शेगडी या ओट्यावर ठेवली की तिच्या पायांची आणि जाळीची उंची मिळून कढईचे काठ आणखी वर जातात, आणि हात उचलून ढवळावे लागते. ग्रॅनाइटमध्ये खाच करून बसवलेल्या शेगडीचा, म्हणजे ‘हॉब’चा, खरा फायदा हाच आहे. दिसण्याचा फायदा दुय्यम. याउलट भांडी धुण्याचे यंत्र ओट्याखाली बसवायचे तर त्याला वरचे झाकण काढूनही साधारण ८२ सेंटिमीटर मोकळी उंची लागते, म्हणजे दगडाच्या जाडीसह ओटा ८५ च्या वर न्यावा लागतो. यंत्रासाठी ओटा उंच करून पुढची वीस वर्षे रोज दोन्ही वेळ स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे खांदे दुखवणे हा चुकीचा सौदा आहे. यंत्र बाल्कनीत किंवा मोरीशेजारी ठेवावे आणि ओटा माणसाच्या मापाने करावा.

या यंत्राबद्दलचा एक गैरसमज मात्र दूर करणे आवश्यक आहे. ते पाणी उधळत नाही. आधुनिक यंत्र एका फेरीत साधारण दहा-बारा लिटर पाण्यात पूर्ण घराची भांडी धुते, आणि वाहत्या नळाखाली धुताना याहून पुष्कळ अधिक पाणी जाते. त्याला पाण्याचा नळ, सांडपाण्याची नळी आणि १६ अँपिअरचा पॉइंट या तीन गोष्टी एकाच ठिकाणी हव्यात. बोअरवेलचे जड पाणी असलेल्या भागात त्यात नियमित मीठ घालावे लागते, कारण पाण्यातील क्षार काढून टाकणारी राळ मिठानेच पुन्हा कार्यक्षम होते. देवाची तांब्या-पितळेची भांडी, लाकडी लाटणे आणि बिडाचा तवा त्यात टाकू नयेत.

पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण यंत्र निवडण्यापूर्वी पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे ‘टीडीएस’, मोजून घ्यावे. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी या बाबतीत स्वीकारार्ह समजले जाते. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून येणारे पावसाचे पाणी या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते, त्यामुळे तेथे ‘आरओ’ घेऊन एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणे अयोग्य आहे. जंतू मारणारा अतिनील दिवा आणि साधी गाळणी पुरतात. मराठवाड्यातल्या खोल बोअरच्या पाण्याला मात्र आरओ लागू शकते.

फ्रिजच्या बाबतीत लिटरपेक्षा घराची सवय पाहावी. रोज मंडईत जाणारे चार जणांचे कुटुंब अडीचशे लिटरमध्ये समाधानी असते. आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या आणि उन्हाळ्यात आमरस गोठवून ठेवणाऱ्या कुटुंबाला साडेतीनशेही अपुरे पडतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ मध्ये सुरू केलेल्या तारांकनाच्या चिठ्ठीवर ताऱ्यांपेक्षा वार्षिक युनिटचा आकडा महत्त्वाचा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे आजचे पाच नसतात. फ्रिज उष्णता नष्ट करत नाही, आतली बाहेर नेऊन टाकतो. आता ती पुष्कळदा मागच्या जाळीऐवजी दोन्ही बाजूंच्या पत्र्यांतून बाहेर पडते. म्हणून त्याला प्लायवूडच्या घट्ट पेटीत बसवणे म्हणजे त्याचे वीजबिल वाढवणे. दोन्ही बाजूंना आणि मागे काही सेंटिमीटर जागा सोडावी, शेगडीच्या लगत ठेवू नये, आणि दार नव्वद अंशांहून अधिक उघडल्याशिवाय आतले खण बाहेर येत नाहीत हे भिंतीशेजारची जागा ठरवताना ध्यानात घ्यावे. नवा आल्यावर जुना फ्रिज ‘असू दे’ म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवल्यास बचत तेथेच संपते. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा.

मिक्सर आणि मायक्रोवेव्ह यांबद्दल थोडक्यात सांगता येते. मराठी घरात सर्वाधिक राबते ते चटणीचे लहान भांडे. शेंगदाण्याचे कूट, सुके खोबरे आणि गोडा मसाला यांसाठी ५०० ते ७५० वॅट पुरतात, आणि वॅटपेक्षा पात्यांची ठेवण, भांड्याखालची रबरी जोडणी सहज मिळणे आणि जवळचे दुरुस्ती केंद्र यांना अधिक वजन द्यावे. मिक्सर कपाटात न ठेवता ओट्यावर त्याची कायमची जागा आणि मागे स्वतंत्र पॉइंट असावा. मायक्रोवेव्ह केवळ शिळे गरम करण्यासाठी लागणार असेल तर साधा, २० लिटरच्या आसपासचा पुरेसा आहे. तो खांद्याच्या वर बसवू नये, कारण उकळते पातेले डोक्याच्या उंचीवरून खाली घेताना भाजण्याचा धोका असतो.

सर्व उपकरणे ठरली, त्यांची मापे सुताराच्या आणि वायरमनच्या आराखड्यावर चढली, आणि खाचा पाडून तारा व नळ्या बसल्या, की टाइल लावण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीची छायाचित्रे घ्यावीत, आणि त्यांत जमिनीपासून व कोपऱ्यापासून अंतर दाखवणारी मोजपट्टी धरलेली असावी. भविष्यातील एखाद्या उपकरणासाठी एक मोकळी नळी आणि एक न वापरलेला १६ अँपिअरचा पॉइंटही त्याच वेळी सोडावा. पाच वर्षांनी चिमणीचा ब्रॅकेट बदलायला आलेला माणूस ड्रिल कोठे लावू असे विचारेल, तेव्हा भिंतीच्या आत काय आहे हे सांगणारी दुसरी कोणतीही नोंद घरात नसेल.